मागे राहिलेली पेटी

१ ऑगस्ट २०२२ रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील ट्वेंटी-ट्वेंटीचा दुसरा सामना व्हावयाचा होता. मैदान सज्ज होते, तिकिटे विकली गेली होती. परंतु त्रिनिदादहून यावयाचे संघाचे आवश्यक सामान बेटावर पोहोचले नव्हते. भारतीय वेळेप्रमाणे रात्री आठला सुरू होणारा खेळ आधी दहावर आणि मग अकरावर ढकलावा लागला. भारताचे नायकपद त्या वेळी रोहित शर्मा याच्याकडे होते आणि त्याच्याबरोबर सलामीला सूर्यकुमार यादव उतरणार होता. मुंबईच्या मैदानांवर हात घोटलेले हे दोघे फलंदाज. पण पॅड, हातमोजे आणि बॅट नसली की मोठ्यातला मोठा फलंदाजही प्रेक्षकांइतकाच निरुपयोगी ठरतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दीपक चाहर हा गोलंदाज ढाक्यास पोहोचला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सामना असूनही त्याचे सामान आलेले नव्हते, आणि त्याने ती तक्रार जाहीरपणे मांडली होती.

अशा प्रसंगी संघाच्या बाजूने एक मोठी सोय असते. त्याच्यासाठी सामना थांबतो. व्यवस्थापक धावपळ करतात, मंडळे पत्रके काढतात, दूरचित्रवाणीचे वेळापत्रक बदलते. चार दिवसांची रजा टाकून खेळावयास निघालेल्या हौशी माणसासाठी मात्र कोणी घड्याळाचे काटे मागे सरकवीत नाही. त्याची बॅग दोन दिवस उशिरा आली, तर त्याच्या सुटीचा निम्मा भाग संपलेला असतो. महिनाभराच्या प्रवासात दोन दिवसांची गैरसोय ही नंतर सांगावयाची गंमत ठरते. चार दिवसांच्या प्रवासात तेच दोन दिवस म्हणजे प्रवासाचा हेतूच असतो. म्हणून लहान सुटीत सामानाचा विचार नुकसानभरपाईपासून सुरू न करता वेळेपासून सुरू करावा लागतो.

उदाहरणासाठी लखनौ हे शहर घेता येईल. बॅडमिंटनच्या चाहत्यांना ते परके नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद आठ वेळा मिळविणारा आणि १९८२ साली ब्रिस्बेन येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा सय्यद मोदी याची २८ जुलै १९८८ रोजी याच शहरात, के. डी. सिंग बाबू स्टेडियमच्या बाहेर, गोळ्या घालून हत्या झाली. त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा अलीकडील काही वर्षे नोव्हेंबरच्या अखेरीस गोमतीनगरातील बाबू बनारसीदास यांच्या नावाच्या बंदिस्त क्रीडागृहात भरते. ज्यांच्या नावाचे ते दुसरे स्टेडियम आहे, ते के. डी. सिंग ‘बाबू’ १९५२ साली हेलसिंकी येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे नायक होते. त्याच ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे मराठी माणसास वेगळे सांगावयास नको. सामानाच्या दृष्टीने पाहता कुस्तीगीर हा सर्वांत भाग्यवान खेळाडू म्हटला पाहिजे. त्याचे खरे साहित्य त्याच्या अंगावरच असते आणि ते कोणत्याही विमानतळावर हरवत नाही.

बॅडमिंटनचे तसे नाही. ज्या पुण्याशी या खेळाच्या आरंभीच्या नियमांचा संबंध सांगितला जातो, त्या पुण्यातील चार हौशी खेळाडू लखनौस निघाले आहेत, असे समजावे. सकाळी एखाद्या सभागृहात खेळावे, दुपारी स्पर्धेतील सामने पाहावेत, संध्याकाळी हजरतगंजात फिरावे असा बेत आहे. उतरण्याची जागा महानगर. येथे पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठीत महानगर म्हणजे मोठे शहर. लखनौमध्ये मात्र ते गोमतीच्या उत्तरेकडील, निशातगंज आणि अलीगंज यांच्या शेजारच्या एका वस्तीचे नाव आहे. घाईत भरलेल्या कागदावर नुसते ‘महानगर, लखनौ’ असे लिहिले, तर दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाला ते ‘लखनौ महानगर’ असे वाटण्याचा पुष्कळ संभव आहे. मग बॅग शहरात येते, पण दारापर्यंत येत नाही. घराचा क्रमांक, सेक्टरचे अक्षर, गोल मार्केटसारखी जवळची खूण आणि २२६००६ हा टपालाचा क्रमांक एवढे सर्व त्या पत्त्यात असले पाहिजे. हा तपशील क्षुल्लक वाटतो. परंतु सामान सापडल्यानंतरचा उशीर पुष्कळदा अशाच क्षुल्लक गोष्टींतून होतो.

मुळात सामान मागे राहते कसे? पुष्पक एक्सप्रेसने मुंबईहून लखनौस जाणारा उतारू आपली पेटी बाकाखाली सरकवितो, तिला साखळी घालतो आणि रात्री जाग आली की हात लावून पाहतो. पेटी आणि माणूस एकाच डब्यातून जातात. विमानात खिडकीपाशी बॅग स्वाधीन केली, की तिचा आणि प्रवाशाचा मार्ग वेगळा होतो. तिच्या मुठीला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर दहा आकड्यांचा क्रमांक आणि त्याची रेघांची खूण छापलेली असते. उतरावयाच्या विमानतळाची तीन अक्षरेही असतात. लखनौची अक्षरे एल-के-ओ, मुंबईची बी-ओ-एम. यापुढे प्रवाशाचे नाव कोणी वाचीत बसत नाही. यंत्रे ती खूण वाचतात आणि बॅग पट्ट्यावरून पट्ट्यावर जाते. पट्टी फाटली, जुन्या प्रवासाची पट्टी तशीच राहून गेली, किंवा खिडकीवरील माणसाने चुकीची अक्षरे छापली, तर बॅग शिस्तीने, पण भलत्या गावी जाते. म्हणून पट्टी लावली जात असताना ती तीन अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत. यास पाच सेकंद लागतात.

तथापि सर्वांत मोठे कारण विमान बदलणे हे आहे. विमानतळांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या ‘सिटा’ या संस्थेच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते, की बॅगा सर्वाधिक चुकतात त्या एका विमानातून दुसऱ्या विमानात जाताना. दिल्लीस पन्नास मिनिटांच्या अवकाशात माणूस धावत दुसऱ्या दारापाशी पोहोचतो; बॅगेला धावता येत नाही. त्याच अहवालांप्रमाणे २००७ साली दर हजार प्रवाशांमागे सुमारे एकोणीस बॅगा चुकत अथवा उशिरा पोहोचत. २०२३ साली हे प्रमाण सातच्या खाली आले. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. परंतु दीडशे प्रवाशांमागे एक, म्हणजे भरलेल्या एका विमानामागे जवळजवळ एक, हे प्रमाण ज्याची बॅग ती एक असते त्याला मुळीच लहान वाटत नाही. पुण्याहून लखनौस थेट विमान मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे हाच सामानाचा सर्वांत स्वस्त विमा होय. विमान बदलणे भागच असेल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत की नाहीत हे पाहावे. तिकिटे वेगवेगळी आणि कंपन्याही वेगवेगळ्या असल्या, तर पुष्कळदा बॅग मधल्या विमानतळावरच बाहेर काढून पुन्हा स्वाधीन करावी लागते. हे ठाऊक नसलेला प्रवासी लखनौच्या पट्ट्यापाशी उभा असतो आणि त्याची बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर फेऱ्या घालीत असते.

आणखी एक कारण आहे आणि ते प्रवाशाच्या हातचे आहे. दूरध्वनी भारित करण्याची सुटी बॅटरी, जिला सर्वजण पॉवर बँक म्हणतात, ती स्वाधीन करावयाच्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. तिला आग लागण्याचा धोका असतो. ती बॅगेत असल्याचे तपासणीच्या यंत्रात दिसले, की बॅग बाजूला काढली जाते, प्रवाशाला शोधले जाते आणि तेवढ्यात विमान निघून जाऊ शकते.

बॅग मागे राहिल्याचे कळले की पुढच्याच विमानात ती का टाकीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर एका दुःखद इतिहासात आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले आणि त्यातील ३२९ जण मृत्यू पावले. स्फोटके असलेली बॅग स्वाधीन करणारा माणूस स्वतः विमानात बसलाच नव्हता. त्या घटनेनंतर, माणूस नाही तर त्याची बॅगही नाही, हा दंडक जगभर अधिक कडक झाला. विमान कंपनीच्या चुकीने मागे राहिलेली बॅग एकटी पाठविता येते. परंतु तिची पुन्हा तपासणी करून आणि तातडीची वेगळी पट्टी लावूनच. या सावधगिरीत जे तास जातात, त्यांबद्दल कुरकुर करणे योग्य नव्हे.

उत्तरेकडच्या हिवाळ्याची यात भर पडते. डिसेंबर आणि जानेवारी या महिन्यांत गंगेच्या मैदानावर धुके उतरते, विमाने उशिरा सुटतात, काही वळविली जातात, आणि जोडविमानांचे सारे गणित कोसळते. १७ डिसेंबर २०२५ रोजी लखनौच्या एकाना मैदानावरील भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील ट्वेंटी-ट्वेंटी सामना दाट धुक्यामुळे एकही चेंडू न टाकता सोडून द्यावा लागला. जेथे खेळाडूला चेंडू दिसत नाही, तेथे वैमानिकाची अवस्था काय होत असेल याची कल्पना करता येते. त्याच महिन्याच्या आरंभी देशातील विमानसेवा आणखी एका कारणाने विस्कळीत झाली होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना एका मोठ्या कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले, आणि प्रवाशांपासून दुरावलेले सामान ४८ तासांत शोधून पोहोचते करावे असा आदेश शासनास द्यावा लागला.

आता लखनौच्या विमानतळावरचा तो प्रसंग. पट्टा फिरून थांबतो. तिघांच्या बॅगा येतात, चौथ्याची येत नाही. विमान उतरल्यापासून तीस मिनिटांच्या आत शेवटची बॅग पट्ट्यावर यावी, अशी सूचना नागरी विमान सुरक्षा विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांना दिली होती. तेवढा वेळ वाट पाहणे रास्त आहे. त्यानंतर मात्र त्या दालनाबाहेर पाऊल टाकता कामा नये. बाहेर थांबलेले यजमान दूरध्वनी करतात, सोबती म्हणतात की उद्या पाहू, आणि प्रवासी दमलेला असतो. पण एकदा बाहेर पडले की आत परतणे कठीण, आणि बॅग विमानतळावरच मिळाली नाही हे सिद्ध करणे त्याहून कठीण. तेथेच कंपनीच्या सामान-कक्षात जाऊन लेखी नोंद करावी. या नोंदीला एक क्रमांक मिळतो. त्याच्या आरंभी विमानतळाची तीन अक्षरे, मग कंपनीची दोन आणि पुढे आकडे असतात. जगभरच्या विमानतळांवर चुकलेल्या बॅगांचा मेळ घालणारी जी सामाईक संगणक-व्यवस्था आहे, तिच्यात या क्रमांकाने शोध चालतो. क्रमांकावाचून केलेली तक्रार ही नुसती हळहळ होय.

नोंद करताना बॅग काळी आहे एवढे सांगून भागत नाही. निम्म्या बॅगा काळ्याच असतात. चाके किती, मूठ कशी, कोणती चिंधी बांधली आहे, आत सर्वांत वर काय ठेवले आहे, हे सांगता आले पाहिजे. निघण्यापूर्वी बॅगेचे एक छायाचित्र काढून ठेवले तर हे काम सोपे होते. अलीकडे नाण्याएवढे एक यंत्र बॅगेत टाकतात आणि त्यायोगे बॅग कोणत्या गावी आहे हे खिशातल्या दूरध्वनीवर दिसते. त्याचा खरा उपयोग समाधानासाठी नसून संभाषणासाठी आहे. बॅग कोठे आहे, असे विचारण्याऐवजी ती दिल्लीत आहे, आजच्या कोणत्या विमानाने निघेल, असे विचारता येते.

लहान सुटीतील प्रवाशाने या नोंदीत आणखी एक ओळ आग्रहाने लिहून घ्यावी. महानगरातील पत्ता कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत चालेल, आणि त्यानंतर बॅग कोठे पाठवावी, ही ती ओळ. ही ओळ नसल्यामुळेच रविवारी दुपारी प्रवासी पुण्याकडे निघतो आणि रविवारी संध्याकाळी त्याची बॅग लखनौस येते. दूरध्वनीही स्वतःच्या बरोबरीने यजमानांचा द्यावा. खेळत असलेला माणूस दूरध्वनी उचलीत नाही, आणि न उचललेल्या एका दूरध्वनीपायी बॅग पुन्हा विमानतळावर परत जाते.

बॅग आणावयास स्वतः जावे काय? लखनौची मेट्रो मार्च २०१९ पासून विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत धावते, महानगरास आय.टी. कॉलेज किंवा बादशाहनगर ही स्थानके सोयीची. तेव्हा जाणे अवघड नाही. पण सामान-कक्षाकडून बॅग आल्याची पक्की खबर मिळाल्याखेरीज निघू नये. शक्यता आहे म्हणून गेलेल्या माणसाची सकाळ गेलीच म्हणावयाची, आणि चार दिवसांच्या सुटीत सकाळी तीनच असतात.

त्या सकाळी खेळावयाचे कशाने, हा प्रश्न निघण्यापूर्वीच सोडविलेला असला पाहिजे. कोणती वस्तू महाग, यापेक्षा कोणती उसनी मिळत नाही, हे पाहावे. बॅडमिंटनमध्ये ती वस्तू रॅकेट नसून बूट आहेत. लाकडी जमिनीवर डाग न पाडणाऱ्या रबरी तळव्याच्या बुटांवाचून क्रीडागृहात प्रवेश देत नाहीत. दुसऱ्याचे बूट बसत नाहीत. आणि नवे घेतले तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो. तेव्हा बूट पायांत घालावेत किंवा हातातल्या पिशवीत ठेवावेत. तीच गोष्ट चष्म्याची, औषधांची आणि गुडघ्याच्या पट्ट्याची. एक खेळाचा पोशाख आणि एक लोकरी बंडी एवढे त्याच पिशवीत मावते. नोव्हेंबरअखेरची लखनौची रात्र पुणेकराला वाटते त्यापेक्षा बोचरी असते. अमीनाबादेत किंवा चौकात जाऊन चिकनचा कुर्ता घेण्यास सामान हरवणे हे निमित्त उत्तम आहे. पण तो तलम कुर्ता थंडी अडवीत नाही आणि त्यात खेळताही येत नाही.

रॅकेटचा प्रश्न थोडा नाजूक आहे. क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी, गोल्फचे दांडे या वस्तू सुरक्षेच्या नियमांनुसार प्रवाशांच्या कक्षात नेता येत नाहीत. बॅडमिंटनच्या रॅकेटला बहुधा जाऊ देतात, पण कंपनीचा नियम आधी विचारून ठेवावा. ती मागे राहिलीच तर उसनी मिळते. मात्र प्रत्येकाच्या तारांचा ताण निराळा असतो. चोवीस पौंडांच्या ताणाची सवय असलेल्या हाताला वीस पौंडांची रॅकेट दिली, की फुले रेषेबाहेर जाऊ लागतात आणि खेळाडू स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो. अशा दिवशी एकेरीचा हट्ट धरू नये. दुहेरी खेळावी, पहिली दहा मिनिटे नुसता हात बसवावा, आणि निकाल मनाला लावून घेऊ नये. गोल्फच्या खेळाडूची अडचण याहून मोठी. नियमाप्रमाणे त्याला चौदा दांडे नेता येतात, आणि सगळे एकाच पिशवीत असल्याने तो एक तर पूर्ण सज्ज असतो किंवा पूर्ण निःशस्त्र.

चौघे मिळून जात असतील, तर जुन्या काळच्या वऱ्हाडांची एक रीत येथे उपयोगी पडते. प्रत्येकाने आपल्या कपड्यांचा एक जोड आणि एक रॅकेट सोबत्याच्या बॅगेत ठेवावी. मग एक बॅग चुकली, तर कोणीच पूर्णपणे नागवला जात नाही. सर्वांचे थोडे थोडे हरवते आणि खेळ चालू राहतो.

भरपाईविषयी बोलावयाचे तर कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे, पण बेताचाच. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारताने तो २००९ साली स्वीकारला. त्यातील सामानाची मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांत ठरविलेली असून २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एकके, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. देशांतर्गत प्रवासाला मात्र, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवाशांच्या सनदेप्रमाणे, ही मर्यादा २०,००० रुपये आहे. ही कमाल मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. उशिरामुळे जे खरोखर खर्चावे लागले तेवढेच मागता येते, आणि तेही पावत्या दाखवून. म्हणून हजरतगंजात घेतलेल्या मोज्यांची आणि टॉवेलाचीही पावती जपून ठेवावी. पुण्याहून लखनौस आणलेल्या बॅगेच्या पट्टीचा तुकडा आणि बोर्डिंग पास तर जपावेतच. उद्याच्या गरजेपुरती खरेदी मान्य होते. या संधीत तीन नव्या रॅकेट घेणाऱ्याचे बिल कोणी मंजूर करीत नाही. हुकलेल्या सकाळची पावती मिळत नाही, आणि तिची भरपाई कोणत्याही कलमात बसत नाही.

बॅग अखेर दाराशी आली, की सही करण्यापूर्वी ती उघडून पाहावी. कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत आणि उशिराची तक्रार बॅग हाती आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. एकवीस दिवस उलटूनही बॅग न आल्यास ती हरवली असे धरून दावा करता येतो. रॅकेटच्या चौकटीला गेलेला बारीक तडा वरून दिसत नाही. तारांवर तळहात दाबून आणि चौकट कानाजवळ हलकेच ठोकून तो कळतो. जुनी पट्टी आणि तातडीची पट्टी या दोन्ही त्याच वेळी काढून टाकाव्यात, नाही तर परतीच्या प्रवासात यंत्र तीच जुनी खूण वाचण्याचा धोका असतो. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बॅगेचा पत्ता लागला नसेल, तर सामान-कक्षास लेखी कळवावे, की आता ती लखनौस पाठवू नये. जेथे असेल तेथूनच सरळ पुण्यास न्यावी.